कोहळा, लिमलेट आणि एक क्वार्टर

यवतमाळ जिल्ह्यात पिणाऱ्यापेक्षा दारूच जास्त लाजते. वाईन शॉपच्या जाळीतून बाटली बाहेर येते ती आधी वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि त्यावर काळी पन्नी. हा काळ्या पन्नीचा मान आमच्याकडे दोघांनाच आहे, मटणाला आणि बाटलीला. पन्नी दिसली की आत काय आहे ते पाचवीतलं पोरगंही सांगतं, तरी पन्नीशिवाय बाटली नेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक म्हणतात हॅलोवीनला माणसं मुखवटे घालतात. आमच्याकडे मुखवटा बाटली घालते, आणि तोही बारा महिने.

कायद्यानंही तिला लाजवायचं काही बाकी ठेवलेलं नाही. १९४९चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. म्हणजे कागदोपत्री दारू बंदच आहे; आपण पितो ती परवान्यावर. देशीचा एका दिवसाचा परवाना दोन रुपये, विदेशीचा पाच रुपये, वर्षाचा शंभर आणि जन्मभराचा हजार. हजार रुपये एकदम भरणाऱ्याचा स्वतःच्या यकृतावर केवढा विश्वास असेल! शिवाय वयाची अट आहेच. बिअर आणि वाइनला २१ पूर्ण, त्याहून कडक मालाला २५. ही अट जरा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्यात आमचा भूगोल. वर्धा नदीच्या पलीकडचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा, म्हणून कित्येक दशकं कोरडा. त्याच नदीपलीकडचं चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडं होतं. त्या सहा वर्षांत वणीकडच्या मंडळींना एवढे पाहुणे आले की नातीगोती नव्यानं उजळून निघाली. नदीच्या अलीकडे आमचा जिल्हा ओला. पण इथल्या बायांनीही जिल्हा कोरडा करा म्हणून मोर्चे काढलेत, आणि त्यांनी बघितलेलं ज्यानं बघितलंय तो त्यावर विनोद करणार नाही. दुकान बंद करायला महिलांचं मतदान घेता येतं आणि त्यात चिन्हं दोनच असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बाया आडव्या बाटलीवर शिक्का मारतील तर दुकानाला कुलूप. उमेदवार आडवा होण्यासाठी लोक मत देतात अशी मला माहीत असलेली ही एकच निवडणूक.

अशा मुलुखात २०२५च्या दिवाळीला आमचा भाचा पुण्याहून घाटंजीला आला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घरूनच काम करतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की ३१ ऑक्टोबरला स्लॅबवर हॅलोवीन करायचं आणि गोळ्यांचं कॉकटेल बनवायचं. गोळ्यांचं म्हणजे लिमलेटच्या गोळ्यांचं. त्या दारूत रात्रभर विरघळवायच्या, कुटून ग्लासाच्या काठाला लावायच्या, वरून काहीतरी भीतीदायक तरंगत ठेवायचं आणि धूर काढायचा.

"आन् मंग?" माझ्या थोरल्या भावानं विचारलं.

"मग फोटो काढायचा, मोठे मामा."

"आन् प्याची कवा?"

ह्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कॉकटेल हा प्रकार मुळात बघायचा असतो. घोटभर ऐवजाला अर्धा तास नटवायचं, लांब दांडीच्या ग्लासात ठेवून दहा जणांना दाखवायचं. आमच्याकडे दारूच्या नटण्याची हद्द म्हणजे डिस्पोजल ग्लास आणि शेजारी फल्लीदाणे. अंधार असला तर उत्तम.

किराणा दुकानात आम्ही लिमलेट मागितल्या तेव्हा दुकानदारानं चष्मा वर केला. "पाव किलो? तान्हा पोळा त होऊन गेला ना बाप्पा."

तो बरोबर बोलला. पाव किलोच्या हिशेबानं गोळ्या घ्यायचा आमचा दिवस तान्हा पोळाच. पोळ्याला खरे बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या होतात, मालक घरोघर बैल नेतो आणि बोजारा घेतो. दुसऱ्या दिवशी तेच पोरं करतात, लाकडाच्या बैलाला चाकं लावून. कपाळाला बेगड, गळ्यात माळ, आणि दारात येऊन उभं राहायचं. काही म्हणायचं नाही. बैल दारात आला की बोजारा द्यावाच लागतो, मग तो रुपया असो, चॉकलेट असो की बिस्किटाचा पुडा. हे नागपूरच्या भोसल्यांनी सुरू केलं असं सांगतात. अमेरिकेतली पोरं दारात येऊन 'खाऊ द्या नाहीतर खोडी काढू' अशी धमकी तरी देतात. आमच्या पोरांना धमकीची गरज पडत नाही, बैल पुरेसा असतो.

बरं, भूत घालवायचा कार्यक्रमही त्याच दिवशी. पहाटे दारावरची पळसाची मेढं काढायची, मारबतीला हाका मारत घरातली इडापीडा, खोकला, खरूज सगळं तिच्या पदरात बांधायचं आणि गावाबाहेर नेऊन टाकायचं. नागपुरात तर काळ्या मारबतीची मिरवणूक १८८१पासून आणि पिवळीची १८८५पासून निघते, सोबत बडग्यांचे पुतळे असतात आणि त्या बडग्यांवर त्या वर्षीची महागाई, पुढारी, खड्डे, जे छळत असेल ते. आणि दुपारी? दुपारी कर. करीला आमच्याकडे मटण शिजतं, पत्ते निघतात आणि काळ्या पन्न्या एवढ्या निघतात की दुकानदाराची पन्नी संपते.

म्हणजे पाहा. पहाटे भूत, दुपारी दारू, संध्याकाळी पोरांच्या गोळ्या. आयर्लंडच्या लोकांनी हॅलोवीनला सलगम कोरून त्यात दिवा ठेवला, १९व्या शतकात ते अमेरिकेला गेले आणि तिथं सलगमऐवजी मोठा भोपळा मिळाला. महायुद्धात अमेरिकेत साखरेला रेशन होतं, ते १९४७ साली उठलं आणि मग दारोदार गोळ्या मागायचं खूळ जोरात फोफावलं. आमच्याकडे ह्यातलं सगळं होतं, एकाच तारखेला होतं. फक्त एका ग्लासात नव्हतं. करीच्या दुपारी बाप ज्या खोलीत बसतो तिथं पोरगं बैल घेऊन जात नाही आणि बापही बोजाऱ्यातली गोळी तोंडात टाकून ग्लास उचलत नाही. दोघांचे दोन दरवाजे आहेत. भाच्यानं ते दोन दरवाजे एक करायचं ठरवलं होतं.

खरेदीचा दुसरा भाग माझ्याकडे आला, कारण माझं वय पंचविशीच्या बरंच पुढं गेलेलं. व्होडकाची क्वार्टर घेऊन आलो, अर्थातच पन्नीत. भाच्यानं पन्नी काढली, वर्तमानपत्र काढलं आणि बाटली ओट्यावर उभी केली. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, तिथून मुकाट्यानं उठली आणि तिनं देवघराचं दार लावून घेतलं.

आता गोळ्या. भाचा म्हणाला गोळी नीट निवडली पाहिजे, आणि ह्यात मात्र तथ्य आहे. पारले कंपनीनं १९२९ साली विलेपार्ल्यात सुरुवात केली ती बिस्किटांनी नव्हे, गोळ्यांनी. रावळगावचं पान पसंद आमच्या पिढीनं लग्नाच्या पंगतीनंतर चोखलंय. तो रावळगाव ब्रँड २०२४ साली रिलायन्सनं २७ कोटींना घेतला, म्हणजे आमच्या लहानपणाची किंमत काहीतरी ठरली म्हणायची. आणि २०१५ साली आलेली पल्स. एक रुपयाची कच्च्या आंब्याची गोळी, आत आंबट-खारट चूर्ण दडवलेलं. चोखता चोखता मध्येच ते जिभेवर फुटतं आणि माणूस डोळे मिचकावतो. भाच्याचं मत पडलं, रंगासाठी लाल लिमलेट आणि चवीसाठी पल्स.

गोळ्या क्वार्टरमध्ये टाकून तो झोपला. मी झोपलो नाही, कारण हे बघण्यासारखं होतं. साखर शुद्ध अल्कोहोलात जवळजवळ विरघळत नाही, विरघळते ती पाण्यात. पण ह्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. त्यामुळं गोळी विरघळते, पण घाई करत नाही. आधी तिच्या अंगावरून लाल रंगाची एक बारीक धार खाली उतरते आणि तळाशी जाऊन बसते. बाटली हलवली नाही तर वर पांढरं, खाली लाल असे दोन थर तसेच राहतात. मग गोळीच्या कडा झिजतात, ती चपटी होते. पल्सचं तर वेगळंच. बराच वेळ काही होत नाही आणि अचानक तिच्या कुशीला भोक पडतं, त्यातून चूर्णाचा एक ढग बाहेर येतो आणि सगळं गढूळ करून टाकतो. सकाळी बाटलीत नदीच्या पहिल्या पुराचं पाणी होतं. गाळायला भाच्यानं चहाची गाळणी घेतली, ती त्याच्या आजीनं हातातून काढून घेतली, मग जुन्या धोतराचा तुकडा मिळाला.

काठाला लावायच्या गोळ्या कुटायला मिक्सर मागितला तर घरातल्या सगळ्या बायका एकदम एका बाजूला झाल्या. चटणीच्या भांड्यात दारूच्या गोळ्या! गोळ्यांना अजून दारू लागलेली नाही, हा त्याचा युक्तिवाद कोणी ऐकला नाही. शेवटी खलबत्ता. लिमलेट कुटताना ती उडते. एक तुकडा थोरल्या भावाच्या चहात पडला आणि त्यानं तो न बोलता ढवळला.

भीतीदायक वस्तूंची यादी पुण्याची होती, माल घाटंजीचा. डोळा म्हणून लिची हवी होती. ऑक्टोबरात लिची कुठली? पण शिंगाडे होते. शिंगाडा कच्चा सोलला की पांढराशुभ्र, थोडा वाकडा, ओलसर निघतो. त्याला सुरीच्या टोकानं खळगा करून काळी मनुका बसवली की तो तुमच्याकडे बघायला लागतो. लिचीचा डोळा गोंडस दिसत असावा. शिंगाड्याचा डोळा रागात असतो. रक्तासाठी अंबाडीची बोंडं उकळून गूळ घातला. ते सरबत आम्ही असंही करतो, आणि रंगात त्याच्यापुढं कुठल्याही दुकानातल्या सिरपचं काही चालायचं नाही. धुरासाठी त्याला सुका बर्फ पाहिजे होता, उणे ७८ अंशांचा. गावात थंडगार धूर निघतो तो एकाच ठिकाणी, जनावरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवलेल्या नायट्रोजनच्या कॅनमधून. त्याचं तापमान उणे १९६. "थो कॅन आणू का?" असं एका मित्रानं मनापासून विचारलंही. आम्ही नको म्हणालो. धूपदाणीत ऊद टाकून काम भागवलं.

जाळ्यांचा प्रश्न मात्र नाजूक निघाला. कोळ्याची खोटी जाळी म्हणून भाच्यानं पुण्याहून एक पाकीट मागवलं होतं. उघडलं तर आत पिंजलेला धागा. ज्या घरात पुढच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस पडलेला, त्या घरात विकतचा कापूस कुरियरनं आलेला! तो म्हणाला, मग घरचाच वापरू. त्यावर थोरला भाऊ पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, बाजारात व्यापारी त्याच्या खालीच मागतो, आणि सरकारी खरेदीवाली सीसीआय बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की गाडी परत पाठवते.

"तुह्या कॉकटेलनं ओलावा वाढला त ग्रेडरले काय सांगू? भुतं आलती म्हणून?"

कापूस वाचला. कुरियरचा लटकला.

आता कोहळ्याकडं येतो. ३१ ऑक्टोबरला सकाळी भाच्याला कोरायला भोपळा हवा होता आणि न्हाणीजवळ एक पांढरा कोहळा ठेवलेला त्याला दिसला. तो आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, आणवला होता. त्यानं देठाकडून झाकण कापलं, आतला गर चमच्यानं काढला, दोन डोळे, त्रिकोणी नाक आणि कानापर्यंत हसणारं तोंड पाडलं. पांढऱ्या कोहळ्याचा चेहरा तांबड्या भोपळ्यापेक्षा जास्त भुताचा दिसतो हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात आजी पूजेचं ताट घेऊन आली.

तिनं कोहळा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"नवमीचा कोहळा कोरून राह्यला व्हय माह्या राजा? पुण्याले राहूनही तुले ध्यान आहे!"

त्या दिवशी खरंच कार्तिक शुद्ध नवमी होती, आवळा नवमी म्हणतात तीच, तिचंच दुसरं नाव कूष्मांड नवमी. ह्या दिवशी कोहळ्याला भोक पाडून आत पैसा, जमलं तर सोनं, ठेवायचं, तो बंद करायचा आणि दान द्यायचा. आत काय आहे ते घेणाऱ्याला दिसू नये, म्हणून गुप्तदान. नवमी सकाळी दहाच्या सुमारास संपत होती, त्यामुळं कोहळा आयता पोखरलेला बघून आजीला देवच पावला. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी आवळ्याच्या झाडाकडं पाहिलं.

आजीनं आत एक नाणं टाकलं, हळदकुंकू वाहिलं, झाकण बसवलं आणि कोहळा फिरवला तेव्हा समोरून तो तिला हसला. ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. भुताला ती घाबरत नाही, तिनं अख्खं आयुष्य चकव्याच्या वाटेनं शेतात जाऊन काढलंय. तिची हरकत वेगळीच होती.

"तोंड त उघडंच ठेवलं याचं. आत किती टाकले थे साऱ्या गावाले दिसन. मंग गुप्तदान कायचं?"

भाच्यानं कणकेचा गोळा आणून ते तोंड लिंपून दिलं. डोळे राहिले. साडेनऊला कोहळा भटजींकडे रवाना झाला. भटजींनी काय विचारलं माहीत नाही, पण दुपारी त्यांचा नातू आमच्या दारात येऊन "अजून असा करून द्याल का" असं विचारून गेला.

संध्याकाळी स्लॅबवर मंडळी जमली. ग्लास स्टीलचे, कारण काचेचे बहिणीनं कुलपात ठेवलेले. त्यामुळं आतला लाल रंग कोणालाच दिसला नाही. काठाला कुटलेली लिमलेट, वर रागावलेला शिंगाडा, मागं ऊद. गळ्यात विकतचा कापूस. एका मित्रानं घोट घेतला, ओठावरची साखर चाटली, विचार केला आणि दुसरा घोट घेतला.

"लेका, हे त संत्रा आहे."

सगळ्यांनी चव घेऊन पाहिली. होतं खरं. देशी दारूच्या भट्टीवर जी संत्रा मिळते तिला नेमकी हीच चव असते: जिभेवर शाळेच्या दारातली नारिंगी गोळी आणि घशात जाळ. त्यात संत्रं किती आणि एसेन्स किती, हे तिथं कोणी विचारत नाही. विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदारानं तर नाहीच. पण पुण्याच्या पोरानं रात्रभर गोळ्या विरघळवून जे काढलं ते आमच्या मजुरांना कित्येक वर्षं पव्व्यात तयार मिळतंय, एक दिवसाचा परवाना दोन रुपये. फरक शिंगाड्याचा. पल्सच्या चूर्णानं थोडा खारटपणा आला होता, तो मात्र सगळ्यांना आवडला. फल्लीदाण्यांना मीठ लावायची गरज पडली नाही.

कोणीतरी तेव्हा पाहिलं की भाच्याच्या ग्लासात नुसतं अंबाडीचं सरबत आहे.

"तू काऊन नाही घेत बे?"

"मामांनी सांगितलंय. पंचवीस पूर्ण व्हायला मला फेब्रुवारीपर्यंत थांबायचंय."

"मंग पुण्याले कसा घेत?"

"पुण्याले मामा चौकात उभे असतात," तो म्हणाला, "स्लॅबवर नसतात."